आधी गाडी

माल चढवायच्या-उतरवायच्या ओट्याला त्या कारखान्यात धक्का म्हणत, आणि त्या धक्क्याची प्रमुख एक बाई होती, म्हणून पाठीमागे सगळे तिला धक्काबाई म्हणायचे. तोंडावर अर्थातच ताई. पाठीमागचं नाव तिला ठाऊक होतं आणि तेच जास्त आवडायचं. कारखाना दवाखान्यातल्या लोखंडी खाटा बनवायचा. आत यायचे पाइप, पत्रे आणि रंगाचे डबे. बाहेर जायच्या खाटा. कुठली गाडी कधी आत घ्यायची, कुठे लावायची, कुणाची आधी रिकामी करायची, हे एकवीस वर्षं ताईच्या शिट्टीवर चाललं होतं. तिची शिट्टी वाजली की भलीमोठी ट्रेलरगाडीसुद्धा शहाण्या मुलासारखी मागे मागे येऊन धक्क्याला लागायची.

सेहेचाळिसाव्या वर्षी ही बाई सायकल घेऊन निघाली आणि दहा महिने परतली नाही. त्याचं असं झालं, की तिची आई नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि ते सगळं हिने एकटीने निभावलं. आई गेल्यावर दादाने, म्हणजे थोरल्या भावाने, परस्पर ठरवून टाकलं की आता बहीण मोकळी झाली, तर ती आमच्या घरचं बघेल. मोकळं होणं म्हणजे काय, हे जो तो आपापल्या सोयीने ठरवतो. ताईने तिच्या सोयीने ठरवलं. जुन्या बाजारातून एक दणकट सायकल घेतली, बिनपगारी रजेचा अर्ज टाकला आणि तंबू, स्टोव्ह, दोन जोडी कपडे मागे बांधून निघाली. दादाने डोक्याला हात लावला. वय काय, करतेस काय, लोक काय म्हणतील, हे सगळं तो एका दमात बोलला. ती म्हणाली, "लोकांना कुठे चालवायचीय? मलाच चालवायचीय."

परत आली तेव्हा रंगाने काळवंडलेली, अंगाने निम्मी आणि एका दाताने उणी. कारखान्यात सगळे कान टवकारून बसले, की आता हिच्या तोंडून काहीतरी थोर ऐकायला मिळणार. काय शिकलात ताई, असं कुणी विचारलं की ती सांगायची, पंक्चर काढायला. लोकांचा हिरमोड व्हायचा. पण एक किस्सा मात्र ती रंगवून सांगायची, आणि आपल्या या गोष्टीत जे पुढे घडलं ते त्या किश्श्यामुळेच घडलं, म्हणून तो ऐकलाच पाहिजे.

वाटेत एका बंगल्यातल्या लोकांनी तिला आग्रहाने घरात बोलावलं. माणसं लाघवी. सायकल फाटकाबाहेर राहू द्या म्हणाले, इथे कोण नेतंय. आत टेबल मांडलं, ताटात पाच पदार्थ वाढले, आंघोळीला गरम पाणी काढलं. आता ताईचं तेव्हाचं सगळं घर त्या सायकलवर होतं. ती अंगाला अर्धा साबण लावून आंघोळ उरकून आली, घास चावायचा विसरली, आणि कुणी प्रवासाचं काही विचारलं की फाटकाकडे बघत भलतंच उत्तर द्यायची. अर्ध्या तासात निघालीच. बंगलेवाल्यांना वाटलं, काय शिष्ट बाई आहे. ते फार दुखावले, आणि त्यांचं काही चुकलंय हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

त्याच आठवड्यात भर दुपारी एका गावातल्या सलूनसमोर ती पाणी मागायला थांबली. सलूनवाल्याच्या हातात कात्री, खुर्चीत गिऱ्हाईक, बाकावर दोघे बसलेले. त्याने तिच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. सायकलकडे बघितलं आणि म्हणाला, "आधी गाडी आत घ्या." बाकावरचे दोघे मुकाट्याने सरकले. एवढ्याशा दुकानात, दोन खुर्च्यांच्या मधे, ती लादलेली सायकल उभी राहिली आणि समोरच्या आरशात पुढच्या चाकापासून मागच्या बोचक्यापर्यंत अख्खी दिसायला लागली. ताई रिकाम्या खुर्चीत बसली, पाणी प्यायली, आणि गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकता ऐकता दोन तास गाढ झोपली. दहा महिन्यांत एवढी झोप तिला कुठे लागली नव्हती. बंगलेवाल्यांनी मान दिला, पण बूड टेकू दिलं ते त्या सलूनवाल्याने, असं ती म्हणायची. थकून आलेल्या माणसाचा जीव त्याच्या गाडीत असतो. तो जीव डोळ्यांसमोर असला तर माणूस बसतो, नाहीतर तुम्ही त्याला सोन्याच्या सिंहासनावर बसवा, तो अर्धवटच बसणार.

परत आल्यावर ताईने धक्क्यावर हेच चालू केलं. गाडी आली की आधी गाडीचं. कुठे लावा, सावली कुठे आहे, ताडपत्री कोण सोडणार, नजर कोण ठेवणार. मग चहा, मग कागद. धक्क्याच्या कडेने पत्र्याच्या सावलीत तिने जुन्या फळ्यांचे बाक मांडले. ड्रायव्हर तिथे गाड्यांकडे तोंड करून बसायचे, चहा प्यायचे, पेंगायचे. दिसायला दृश्य काही फार देखणं नव्हतं, हे कबूल केलं पाहिजे.

आणि मग नवे साहेब आले. ते हॉटेलच्या धंद्यातून आलेले. गोड बोलायचे, शिपायालाही बसा म्हणायचे, आणि मनाने अजिबात वाईट नव्हते, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे त्यांचा राग येणार आहे. फळ्यांवर पेंगणारे ड्रायव्हर बघून त्यांना मनापासून लाज वाटली. आपल्या दारी आलेल्या माणसाला आपण असं बसवतो? त्यांनी फळ्या उचलायला लावल्या आणि आवारातच, फाटकाच्या उजव्या हाताला, एक ऐसपैस खोली बांधली. सोफे, टीव्ही, थंड पाण्याचं यंत्र, फुलदाणी, शेजारी स्वच्छ संडास. दारावर पाटी लावली, अतिथी विश्राम कक्ष. गाड्यांचा आवाज आणि धूळ नको म्हणून आवाराकडच्या बाजूला खिडकीच ठेवली नाही. एकच खिडकी, ती मागच्या बागेकडे. आणि नियम केला, की कुठल्याही ड्रायव्हरने आवारात रेंगाळायचं नाही, या खोलीतच बसायचं.

कुणी बसेना. ड्रायव्हर लोक आत जाऊन पाणी पीत, संडासला दुवा देत, आणि वॉचमनची पाठ वळली की जाऊन आपल्या गाडीखाली, चाकाला टेकून बसत. त्या खोलीचं त्यांनी नाव ठेवलं सासर. सोफा आहे, टीव्ही आहे, सगळं आहे, पण मोकळेपणाने बसायची सोय नाही.

ताईने साहेबांना दोनदा सांगितलं, की साहेब, तिथून गाडी दिसत नाही. दोरी कापली, डिझेल काढलं, जादा चाक गेलं, तर विचारणार ड्रायव्हरलाच. साहेब म्हणाले, कॅमेरे आहेत की. ताईने सांगितलं की कॅमेऱ्यात आपल्याला दिसतं, त्याला नाही. साहेबांनी मान हलवली आणि म्हणाले की या लोकांना चांगल्याची सवय नाही, ती लावावी लागेल. आता माणूस इतक्या गोड आवाजात इतकं कडू बोलला, की समोरच्याला रागवायलाही जरा वेळ लागतो. ताईला धक्क्यावर पोचेपर्यंत वेळ लागला, मग मात्र राग चांगलाच आला.

पाइपची गाडी घेऊन येणारा एक ड्रायव्हर होता. बारा महिने गळ्यात मफलर, म्हणून त्याचं नावच मफलर. एका दुपारी तो गाडीखाली डबा पालथा घालून बसलेला साहेबांना दिसला. साहेब स्वतः गेले, वाकून म्हणाले, चला, आत बसा. तो म्हणाला, इथे बरं आहे. साहेबांनी पुन्हा आग्रह केला, हाताला धरलं. मफलरने हात सोडवून घेतला आणि म्हणाला, "साहेब, सोफा तुमचा आहे. गाडी माझी आहे." यात उर्मटपणा कुठे आहे ते शोधून सापडत नाही, पण चारचौघांत साहेबांचा चेहरा पडला. संध्याकाळपर्यंत मफलरवर गेटबंदीचा हुकूम निघाला. तीन महिने या फाटकातून त्याने आत यायचं नाही.

गेटबंदी म्हणजे नुसतं फाटक बंद नव्हे. ज्याच्या गाडीवर तो होता, तो मालक तीन महिने बिनकामाचा ड्रायव्हर कशाला ठेवेल? दहा दिवसांनी दुसरं कुणी नव्हतं म्हणून मालकाने पुन्हा मफलरलाच पाठवला. वॉचमनने अडवला. तापलेल्या रस्त्यावर पाइपांची गाडी उभी, आत कारखान्यात पाइपांवाचून काम अडलेलं. ताई धक्क्यावरून उतरून फाटकापाशी गेली, स्वतःच्या हाताने अडसर वर केला, वहीत प्रवेश लिहिला, खाली सही केली आणि शिट्टी वाजवली. गाडी आत आली.

दुसऱ्या दिवशी ताईला मेमो मिळाला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. गुरुवारी मुख्य कचेरीतून मोठ्या मॅडम आणि इतर कारखान्यांचे अकरा साहेब येणार होते. आपल्या पाहुणचाराचा बोलबाला वरपर्यंत गेलाय, असं साहेब म्हणाले. विश्राम कक्षातच कार्यक्रम ठेवला होता, आणि त्यात बोलायचं होतं ताईने. विषयही ठरलेला होता आणि कार्डंही छापून तयार होती. सायकलने शिकवलेले नेतृत्वाचे पाच धडे. ताईने कार्डं वाचली. हसतमुखाने स्वागत करा. पाहुण्याच्या नजरेतून जग पहा. चौथ्यावर लिहिलं होतं, की दूरच्या प्रवासात मी शिकले, खरा पाहुणचार मऊ आसनापासून सुरू होतो.

"मी हे कुठे शिकले?" ताईने विचारलं.

साहेब हसले. म्हणाले की तपशील महत्त्वाचा नसतो, भावना महत्त्वाची असते. मग हसू आवरून त्यांनी मुद्द्याचं सांगितलं. ही कार्डं वाचलीत तर मेमो फाडून टाकतो. नाहीतर तुमची बदली रेकॉर्ड रूममध्ये, धक्क्यावर दुसरा माणूस, आणि त्या ड्रायव्हरची गेटबंदी कायमची. हे सगळं त्यांनी चहाची बशी पुढे सरकवत सांगितलं.

त्या संध्याकाळी ती दादाकडे गेली. दादा आयुष्यभर नाकासमोर चाललेला माणूस; नोकरीत त्याला एकही मेमो मिळाला नव्हता आणि तो ते पदकासारखं सांगायचा. सगळं ऐकून तो म्हणाला, "चार वाक्यं वाचलीस तर जीभ झिजणार आहे का तुझी?"

"झिजणार नाही, दादा. पण मग ती माझी राहणार नाही."

दादाने हात टेकले. धक्का गेला तर तुझ्यात राहिलं काय, हा प्रश्न त्याने विचारला नाही, पण तो खोलीत होता, आणि ताईलाही तो केबिनमधून निघाल्यापासून टोचतच होता. शिट्टी, उन्हातलं ते आवार, नावानिशी ओळखणारे शंभरेक ड्रायव्हर. एवढंच तर तिने आयुष्यात स्वतःचं म्हणून उभं केलं होतं. रेकॉर्ड रूममध्ये ना गाडी, ना माणूस. तिला रडू आलं आणि ते लपवायच्या फंदात ती पडली नाही.

वहिनी इतका वेळ ओट्यापाशी पाठ करून उभी होती. ती वळून म्हणाली, "एवढं समजावत कशाला बसायचं त्यांना? कुठल्याही समारंभात बाई पर्स मांडीवर घेऊनच बसते. त्या मॅडमना सांगा, पर्स बाहेर ठेवून बसा म्हणावं." एवढं म्हणून ती पुन्हा भांड्यांकडे वळली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. ताईने डोळे पुसले आणि वहिनीकडे बघतच राहिली.

गुरुवारी पाहुणे आले. धक्का पाहिला, खाटा पाहिल्या, पाटीसमोर उभे राहून फोटो झाले. विश्राम कक्षाच्या दारात ताई उभी होती, आणि बाजूला तिने एक हातगाडी उभी करून ठेवली होती. तिने हसतमुखाने स्वागत केलं, अगदी कार्डावरच्यासारखं. मग म्हणाली की सायकलवरच्या पाहुणचाराचा थोडा अनुभव घ्यायचा, तर सगळ्यांनी आपापल्या बॅगा, पर्सा, फोन या हातगाडीवर ठेवावेत. लोकांना गंमत वाटली. मोठ्या मॅडमनी आधी पर्स ठेवली म्हटल्यावर बाकीच्यांनीही लॅपटॉपच्या बॅगा ठेवल्या. साहेबांनी आपला नवा फोन ठेवला. ताईने हातगाडी ढकलत नेली आणि फाटकाजवळ, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या वाटेला लागून उभी केली. काळजी करू नका, कॅमेरा आहे, असं सांगून तिने सगळ्यांना सोफ्यांवर बसवलं, टीव्ही लावला, दार ओढून घेतलं.

"भाषण वीस मिनिटांनी. तोवर आराम करा," ती म्हणाली आणि कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी राहिली.

तिसऱ्या मिनिटाला एकाने विचारलं की फाटक बंद असतं ना. ताई म्हणाली, दिवसा उघडंच असतं. पाचव्या मिनिटाला बाहेर मोठी गाडी घरघरत गेली आणि अकराच्या अकरा माना भिंतीकडे वळल्या. भिंत कोरी. एकाने पाणी घेतलं आणि न पिताच ठेवलं. टीव्हीवर काय चाललंय ते कुणाला सांगता आलं नसतं. सातव्या मिनिटाला साहेब स्वतः उठले. जरा बघून येतो म्हणाले. ते दाराबाहेर पडायचा अवकाश, त्यांच्यामागून एकेक करत सगळे सटकले. मोठ्या मॅडम शेवटपर्यंत बसून होत्या, पण त्याही सोफ्याच्या कडेवर आल्या होत्या आणि उघड्या दारातून मान लांब करत होत्या.

"इथे खिडकी का नाही?" त्यांनी विचारलं.

सगळे हातगाडीवरून आपापलं सामान घेऊन परत आले तेव्हा ताईने त्यांना सलूनवाल्याची गोष्ट सांगितली. मग खिशातली कार्डं काढून टेबलावर ठेवली. "हे धडे माझे नाहीत. तुमच्याने सात मिनिटं बसवलं नाही. ड्रायव्हरला आपण सात-सात तास बसा म्हणतो, आणि नाही बसला तर त्याला उर्मट ठरवतो. ज्याला उर्मट ठरवलं, त्याची पोटापाण्याची गाडी तीन महिन्यांच्या गेटबंदीने या फाटकावर अडकून आहे. पाहुणचार त्याच्या कलाने करायचा असतो, आपल्या हौसेने नाही."

टाळ्या वाजल्या नाहीत. मोठ्या मॅडमनी जागच्या जागी गेटबंदी उठवली, खिडकीचा प्रस्ताव पाठवा, पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये बघू, म्हणाल्या, आणि जेवायला गेल्या. अकरा जणांसमोर सगळ्यांत आधी उठणारा माणूस आपणच, हे काही साहेबांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी बदलीचं पत्र आलं. सोमवारपासून आपली नेमणूक रेकॉर्ड रूममध्ये करण्यात येत आहे. धक्क्यावरच्या माणसांचे चेहरे उतरले. ताईने मात्र ते पत्र दोनदा वाचलं आणि पहिल्याच शब्दावर बोट ठेवून थांबली. सोमवारपासून. म्हणजे आज शुक्रवार आणि उद्या शनिवार, धक्का तिचा होता.

आता त्या कारखान्यात एक पद्धत होती. प्रत्येक विभागाच्या प्रमुखाला आपल्या हद्दीतल्या किरकोळ दुरुस्तीची चिठ्ठी काढता यायची. त्याला वरची सही लागत नसे. एखादी कडी, एखादी फुटलेली लादी. विश्राम कक्ष धक्क्याच्या आवारात होता. ताईने चिठ्ठी लिहिली. किरकोळ दुरुस्ती, भिंत. धक्क्याची पायरी नीट करायला आलेला गवंडी होताच; त्याच्या हातात तिने चिठ्ठी दिली आणि खडूने भिंतीवर चौकोन काढला, चांगला खाटेच्या रुंदीचा.

गवंड्याने चौकोन बघितला, चिठ्ठी बघितली. "ताई, हे किरकोळ?"

"भिंत पडणार आहे का?"

त्याने ठोकून बघितलं. भाराची भिंत नाही म्हणाला, वर पट्टी टाकली की झालं.

"मग किरकोळच."

शुक्रवारभर छिन्नी चालली. वेल्डरने रंगाचा पोपडा आल्यामुळे बाजूला काढलेल्या खाटेची उशाकडची जाळी कापून त्या चौकोनात बसवली. ती अशी बसली की जणू तिथल्यासाठीच केली होती. ताईने स्वतः राडारोडा उचलला, सोफे ओढून खिडकीकडे तोंड करून लावले. फुलदाणी जागच्या जागी राहू दिली. फुलदाणीशी तिचं काही भांडण नव्हतं.

शनिवारी दुपारी मफलर पाइप घेऊन आला. ताईने शिट्टी वाजवून त्याची गाडी बरोबर त्या जाळीसमोर लावली. तो दारात जरा घुटमळला, आत आला, सोफ्याच्या कडेवर बसला. खिडकीतून बघितलं. जरा मागे सरकला. पुन्हा बघितलं. मग पाठ टेकली. पंधरा मिनिटांनी ताईने डोकावलं तेव्हा त्याचं डोकं मागे कललं होतं आणि तोंड उघडं पडलं होतं.

तेवढ्यात साहेब तरातरा आले. कुणीतरी त्यांना फोनवर सांगितलं होतं. भिंतीतला चौकोन बघून त्यांचा तो गोड आवाज पहिल्यांदाच चढला. "हे कुणाच्या परवानगीनं केलंत?"

ताईने ओठांवर बोट ठेवलं. "हळू, साहेब. पाहुणे झोपलेत."

साहेबांनी वळून बघितलं. ती खोली बांधून वर्ष होत आलं होतं, आणि त्यांच्या सोफ्यावर झोपलेला माणूस ते आज पहिल्यांदा बघत होते. मग त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, पण कुजबुजत.

"धक्क्याच्या प्रमुखाच्या," ताई म्हणाली. तिने आवाज खाली आणला होता, नजर नाही. "सोमवारपर्यंत ती मीच आहे."

सोमवारी ती रेकॉर्ड रूममध्ये गेली. माफी मागितली नाही, विनंतीअर्ज केला नाही. बदलीच्या पत्राच्या प्रतीवर पोच म्हणून सही केली आणि खाली एक ओळ लिहिली, की ज्याला खिडकी बुजवायची असेल त्याने आधी तिथे बसून बघावं. ती प्रत साहेबांच्या टेबलावर गेली. खिडकी बुजवायचा हुकूम अजून निघालेला नाही. निघाला तर, वरून हुकूम आला म्हणून, भिंतीचं ते काम आता किरकोळ धरता येणार नाही. त्याला इमारतीचा मूळ नकाशा लागेल. आणि सगळे नकाशे रेकॉर्ड रूममधल्या लोखंडी कपाटात आहेत, ज्याची किल्ली हल्ली ताईच्या कमरेला असते.